‘शेजार’: मार बसतो ती जागा गायची कशी?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारला तर उत्तरंही वरवरची येतील, म्हणून सगळं लिहिते.

मी विश्रामबागेत गाणं शिकवते. गेलं वर्षभर एक रचना बसवते आहे. चार बायकांचे आवाज आणि एक तानपुरा. पेटी नाही, माईक नाही. तबला होता, तो काढला. का काढला ते पुढे येईलच. साठ खुर्च्या मावतील एवढ्या खोलीत करायची आहे, गाणारी आणि ऐकणारा यांच्यात चार हात अंतर राहील अशी. एकूण चोवीस मिनिटं. नाव ‘शेजार’. विषय घरातली मारहाण. पण मार खाणारी बाई या गाण्यात कुठेच नाही. चौघीही भिंतीच्या अलीकडच्या आहेत. त्यांना फक्त ऐकू येतं.

आम्ही गावभागात एका वाड्यात राहायचो. १९८६-८७ ची गोष्ट, मी अकरा-बारा वर्षांची. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड होतं, काका आणि काकी. काका कामावरून आले की आधी चपला काढल्याचा आवाज यायचा, मग न्हाणीत बादलीवर तांब्या आपटल्याचा, मग अर्धा तास काहीच नाही. तो अर्धा तास मला अजून पोटात जाणवतो. मग भांडं पडायचं. काकी ओरडायची नाही. इतक्या वर्षांत तिचा आवाज म्हणून मी कधी ऐकलाच नाही, ऐकला तो बांगड्यांचा. आणि आमच्या घरातलं कुणीतरी म्हणायचं, “काही नाही, भांडं पडलं.”

त्याच वेळी आई ओट्यापाशी उभी राहून मला सांगायची, “रियाजाला बस. मोठ्यांदा म्हण.” मी पेटीवर सा धरून भूप रागाचे पलटे सुरू करायची. सारेगप, रेगपध. जितकं पलीकडे वाढेल तितका माझा आवाज चढायचा. पुढे गाण्याच्या बाईंनी माझ्या खुल्या आवाजाचं कौतुक केलं, स्पर्धांत बक्षिसं मिळाली. तो आवाज कशावर पांघरूण घालता घालता खुला झाला, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज एखादी आठ वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसून रेगपध म्हणते तेव्हा माझा हात पेटीवर थांबतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा वाडा पाण्यात होता. ओसरल्यावर बघायला गेले तर मधली भिंत बसली होती आणि दोन्ही स्वयंपाकघरं एक झाली होती. मातीच्या विटा, पांढऱ्या मातीचा गिलावा. राहिलेल्या भागाची जाडी मी वितीने मोजली. दीड वीत. त्या दिवशी घरी येऊन ‘शेजार’च्या पहिल्या ओळी लिहिल्या.

आता रचनेबद्दल. पहिला भाग दिवेलागणीचा, मारवा रागाच्या अंगाने. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला (प) नाही, निषादाला (नी) लावली आहे. मारव्यात पंचम नाही, आणि षड्ज (सा) हाताशी असून त्याच्यावर टेकायचं नाही, भोवतीनं फिरायचं. ज्या घरात संध्याकाळ नको असते तिथली संध्याकाळ मला दुसऱ्या रागात मांडता येईना. माझा सा काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), बाकीच्या तिघीही त्याच पट्टीत सामावल्या. एकीचा आवाज खाली छान लागतो, ती रुग्णालयात नर्स आहे. एक शाळेत शिक्षिका, एक बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला.

दुसरा भाग ओवीचा. दोघी समोरासमोर बसून जात्याच्या एकाच खुंट्याला हात लावल्यासारख्या आळीपाळीने म्हणतात. ओव्या माझ्याच आहेत, पण वळण आजीकडून आलेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या आहेत, त्यातल्या पुष्कळ मी कानांनी ऐकल्या. नवऱ्याच्या माराबद्दल त्या बायका जात्यापाशी जेवढं सरळ बोलल्या तेवढं आपण बैठकीच्या गाण्यात कधी बोललो नाही. चौथा आणि पाचवा भाग जमलाय, त्यावर वेळ घेत नाही.

अडलंय ते तिसऱ्या भागात. इथे पलीकडे मार बसतो. ती जागा गायची कशी?

पहिल्यांदा तबला घेऊन केलं. विलंबित एकतालात चौघींचं चाललेलं, आणि मार समेवर, म्हणजे तालाचं आवर्तन जिथे येऊन मिळतं त्या पहिल्या मात्रेवर. जवळच्या वीसेक माणसांसमोर म्हणून पाहिलं. तबल्यावर बसलेला मुलगा हुशार, त्याने सम इतकी नेमकी दिली की पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा!” त्यांचा काही दोष नाही. समेला दाद द्यायची हे आपल्या अंगात भिनलंय. पण एका बाईच्या पाठीत बसलेल्या रट्ट्याला मी दाद मिळवून दिली होती. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तबला काढला.

मग टाळी वाजवून पाहिलं. लोक दचकले, पण ते नाटकात दचकतात तसं. मग नुसतंच थांबून पाहिलं, दहा-अकरा सेकंद पूर्ण शांत. तर सगळे पुढची तान येणार म्हणून वाट पाहत बसले. किंचाळीचा विचार आला आणि गेला. काकी किंचाळायची नाही. ती खोटी होईल.

आणि या सगळ्याखाली मोठी भीती अशी की चौघींचे आवाज सुंदर आहेत. मारवा सुंदर आहे. माणसं “किती सुंदर झालं हो” म्हणत चहा प्यायला जातील. लहानपणी मी सुराने झाकलं, तेच पन्नाशीत पुन्हा करत नाही ना?

ज्यांनी असं काही बसवलंय, ऐकलंय किंवा या बायकांबरोबर काम केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

मैफिलीतला (सांगली)

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी चाळीस वर्षं ऐकतोय. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने उत्सव होतो, तिथे रात्र रात्र बसून माझा कान तयार झाला. माझ्या मते गाण्यात दुःख गाळून यावं. ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व मंडळीने केला. बालगंधर्व आपल्या नागठाण्याचे. दारूपायी सिंधूच्या संसाराची राख होते, पण पदातला एक सूर मळत नाही. माझे वडील सांगायचे, लोक रडायचे ते त्या निर्मळ सुरामुळे. सूर मोडलात तर रडायला आधार उरणार नाही.

पण तुमच्या तबल्याच्या प्रसंगाने मी अस्वस्थ झालो हेही लिहितो. मी तिथे असतो तर मीही “वा” म्हणालो असतो. एक सुचवतो: तबला परत घ्या. पूर्ण आवर्तन भरून समेपर्यंत या, आणि समेवर तबलजीने हात उचलून धरावा. वाजवू नये. ऐकणाऱ्याच्या तोंडातली दाद तोंडातच राहील. साध्या शांततेत आणि रिकाम्या समेत फरक आहे. सम माणूस मनात मोजत असतो, त्यामुळे ती न वाजताही बसते.

प्रीतिसंगम (मूळ कराड, सध्या पुणे)

काका, रिकामी सम फार चांगली कल्पना आहे. निर्मळ सुराबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि उदाहरण तुमच्याच गावचं देतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. १८९९ ची ‘शारदा’ म्हणजे म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरीची गोष्ट. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात ते हरविलास सारडा यांच्या नावावरून. नाटकावरून नाव पडलं असं आपल्याकडे बरेच जण समजतात.) त्यात ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद आहे. घाबरलेल्या मुलीचं पद. आज ते नाट्यगीतांच्या स्पर्धेत ताना घेऊन म्हटलं जातं, आणि परीक्षक तानेची सफाई बघतात. भीती गेली, पद राहिलं. ताईंची भीती मला म्हणूनच खरी वाटते. आपल्याकडे गाणं विषयापेक्षा जास्त जगतं.

मी कॉम्पोझिशन शिकलो, त्यामुळे बाहेरची दोन उदाहरणं. एलेन रीड यांच्या ‘प्रिझम’ या छोट्या ऑपेराला २०१९ चं पुलित्झर पारितोषिक संगीतासाठी मिळालं. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलीच्या मनाची ती गोष्ट आहे, आई आणि मुलगी एका बंद खोलीत. तिथे सुंदर संगीताचाच संशय येऊ लागतो, कारण खोलीतला गोडवा काहीतरी लपवतोय हे ऐकणाऱ्याला हळूहळू कळत जातं. म्हणजे ताई, मारवा सुंदर असू दे. तो झाकायला वापरला जातोय हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढंच. दुसरं, इटालियन संगीतकार बेरिओची एकट्या बाईच्या आवाजासाठीची ‘सेक्वेन्झा’, मालिकेतली तिसरी, साठच्या दशकातली. कॅथी बर्बेरियन या गायिकेसाठी केलेली. त्यात पुटपुटणं, हसणं, खोकणं, श्वास हे सगळं स्वरांसारखंच कागदावर लिहून दिलेलं आहे. आपण सरगम लिहितो, खाकरणं लिहीत नाही. लिहून बघा.

आणि एक नेमकी गोष्ट. तुमच्या पोस्टमधलं ते वाक्य, “काही नाही, भांडं पडलं”, तेच घ्या. अक्षरं नऊ: का, ही, ना, ही, भां, डं, प, ड, लं. चौघींत वाटून द्या, एक अक्षर एकीने, पुढचं दुसरीने, आवाज न तुटता. पुन्हा पुन्हा, आधी सावकाश, मग बोलण्याच्या वेगाने. आठ-दहा वेळा झालं की ऐकणाऱ्याला वाक्य पाठ होतं. मग एका फेरीत ‘ड’ कुणीच म्हणायचा नाही. ज्या बाईची पाळी आहे तिने तोंड उघडायचं आणि गप्प राहायचं. पुढच्या फेरीपासून ‘ड’ कधीच परत आणायचा नाही.

तारगहन (मिरज)

नमस्कार ताई. मी गाणारा नाही, तानपुरे करणारा आहे. आमच्या घरात तिसरी पिढी या कामात, त्याआधी आमची माणसं शिकलगार, हत्यारांना पाणी देणारी. तुमच्याकडे तानपुरा आहे म्हणून लिहितो.

तानपुरा बोलतो तो घोडीमुळे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीमुळे. घोडीचा माथा सपाट दिसतो पण त्याला बारीक उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, तिलाच आपण जवारी म्हणतो. त्या जागी तारेखाली सुती दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की तार उघडते, झणझण सुरू होते. आता तो दोरा काढून घेतलात तर? तार घोडीवर पडते. वाजते, सूरही तोच राहतो, पण झणकार जातो. लाकडावर बोट मारल्यासारखा कोरडा आवाज येतो. आम्ही म्हणतो जवारी बंद झाली.

मार बसतो तिथे दोरा काढा. ठोका नको, थांबणं नको. तानपुरा चालूच राहील, चौघी गातच राहतील, फक्त खालची जमीन जाईल. ऐकणाऱ्याला आधी कळणार नाही काय बदललं. कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

कोणत्या तारेचा काढायचा ते सांगतो. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारांना हात लावू नका, त्यांच्यावर गाणाऱ्या उभ्या असतात. शेवटची, खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची), पितळेची. ती सगळ्यात जास्त भरते, म्हणून तिचंच जाणं जास्त कळतं. दोऱ्याचं एक टोक दोन बोटं लांब ठेवा. ओढताना वर ओढू नका, तार दबून सूर हलेल. बाजूला, घोडीच्या कडेने, एका दमात. दोरा नवा घ्या. जुना कुजलेला असतो, तुटेल.

अजून एक लिहितो. आमच्या कारखान्यात दिवसभर रंधा, पटाशी, ठोकठोक. शेजारच्या घरातलं आम्हाला काही ऐकू येत नाही असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. दुरुस्तीला तानपुरा आला की आम्ही सगळं काम थांबवून ऐकतो, केसभर फरक पकडतो. ऐकू येत नव्हतं असं नाही.

माणदेशी (दहिवडी, सातारा)

ताई, मी गाण्यातली नाही. माण-खटावच्या गावांत बायकांच्या केसेसचं काम वीस वर्षं केलं. काकीचा आवाज कधी आला नाही हे वाचलं आणि लिहायला बसले.

बायका माराबद्दल सांगतात तेव्हा रडत नाहीत. निदान पहिल्यांदा नाही. सपाट आवाजात सांगतात, आणि त्यात माराचं कमी, बाकीचं जास्त असतं. तव्यावर कितवी भाकरी होती. पोरगं कोणत्या कुशीवर झोपलं होतं. शेळी सोडलेली होती का बांधलेली. एक बाई मला पाऊण तास बोलली, त्यात ‘मारलं’ हा शब्द एकदाही नव्हता, “हात उचलला” एवढंच, तेही शेवटी. दवाखान्यात विचारलं तर “न्हाणीत पाय घसरला”. तुमच्या शब्दांत असं काही असेल तर खरं वाटेल. मात्र कुणा बाईचं खरं सांगणं उचलून घालू नका, ओळख बदलूनसुद्धा नको. साठ खुर्च्यांत तिची नणंद बसलेली असू शकते.

हे जुनं दुखणं आहे आणि इथल्या बायका त्यावर बोललेल्याही आहेत. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी टाकून दिलेल्या बायकांना बरोबर घेऊन लढा उभा केला, तेव्हा ‘परित्यक्ता’ हा शब्द आमच्या खेड्यापर्यंत आला. त्याआधी अशा बाईला नावच नव्हतं, नांदत नाही एवढंच म्हणायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात दहांतल्या जवळपास तिघी विवाहितांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. सांगितलेल्यांचाच हा आकडा. म्हणजे तुमच्या साठ खुर्च्यांत काही जणी काकी असतील आणि उरलेले बहुतेक सगळे शेजारी. प्रयोग झाल्यावर लगेच दिवे लावून चहा देऊ नका. एखादी बाई बोलायला थांबली तर ऐकायला कुणीतरी जाणतं माणूस ठेवा. दाराशी महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर लिहून लावा.

आता शेजाऱ्यांचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. सगळे म्हणतात तो बायकोसाठी आहे. त्याचं चौथं कलम शेजाऱ्यासाठी आहे. अशी हिंसा झाली, होते आहे किंवा होईल असं ज्याला सकारण वाटतं, तो कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. प्रामाणिकपणे कळवलं असेल तर त्याच्यावर कसलाही दावा लागत नाही. हे मी गावोगाव सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, “दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलणार?” २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ मोहीम आली तेव्हा एक सोपी गोष्ट मिळाली: भांडायला जाऊ नका, दार वाजवा, दूध मागा, किती वाजले विचारा. मारणाऱ्याचा हात तेवढ्यापुरता थांबतो. आमच्याकडे बेल नव्हती, कडी होती, पण काम तेच.

तुमच्या त्या चौघी ऐकतात हे कळलं. त्यांच्यातली कुणी उठते का?

कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन तालमी झाल्या, काय घडलं ते लिहिते.

प्रीतिसंगम, नऊ अक्षरांची वाटणी जमली, पण सोपी नव्हती. आम्हा गाणाऱ्यांना स्वर धरून ठेवायची सवय, अक्षर सोडून द्यायची नाही. दोन तास नुसतं सोडणं शिकलो. ‘ड’ शिक्षिकेकडे आला. गेल्या फेरीत ती तोंड उघडून गप्प राहिली, तेव्हा समोर बसलेल्या माझ्या पुतणीने नकळत ते अक्षर स्वतःच म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. म्हणजे वाक्य पोचतंय. काका, रिकामी समही करून पाहिली. खरंच बसते. पण तबला आला की माणसं मोजायला लागतात, आणि या घरात मला कुणी मोजत बसायला नकोय. तुमचं म्हणणं मात्र डोक्यात राहिलं आणि चौथ्या भागातला एक निर्मळ तुकडा मी मोडणार होते, तो ठेवला.

तारगहन दादा, दोरा. पहिल्या दिवशी माझी घाई झाली, जुनाच दोरा होता, मध्येच तुटला आणि अर्धा तारेखाली राहिला. खर्ज धड उघडा नाही, धड बंद नाही, घशात काहीतरी अडकलेल्या माणसासारखा वाजत राहिला. आम्ही चौघी गातच होतो, पण नर्स मुलीचा आवाज कापला आणि ती थांबली. नंतर म्हणाली, रात्रपाळीला ‘घसरून पडलेल्या’ बायका येतात, त्या असाच श्वास घेतात. दुसऱ्या दिवशी नवा दोरा घेऊन तुम्ही सांगितलं तसं बाजूला ओढलं. आवाज कोरडा पडला. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, बदललंय हे कळायला काही क्षण गेले. मला दोन्ही हवेत. आधी अर्धा, मग पूर्ण. दोन दोऱ्यांनी जमेल का, तालमीला येऊन दाखवाल का?

आता माणदेशी ताई, तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल.

आई माझ्याकडेच असते, एकोणऐंशी वर्षांची आहे. तालीम घरी चालते, ती आत लसूण सोलत ऐकत असते. आजवर तिने या विषयावर चकार शब्द काढला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. परवा तिसरा भाग संपला आणि ती दारात येऊन म्हणाली, “आणि विरजण?”

मला काही कळेना. मग ती खुर्चीवर बसली आणि सांगू लागली. “मी तुला मोठ्यांदा म्हण म्हणायचे ते त्याला ऐकू जावं म्हणून. पलीकडे माणसं जागी आहेत, हे कळावं म्हणून. तेवढ्याने नाही भागलं तर वाटी देऊन तुला पाठवायचे. विरजण मागायला.”

मग मला आठवलं. गेल्या अडतीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आमच्या घरी विरजण रोज असायचं, तरी मी महिन्यातून दोन-तीनदा वाटी घेऊन शेजारी जायची. आई विसरभोळी आहे असं मी समजत होते. कडी वाजवली की आत सगळं थांबायचं. काकी दार अर्धं उघडायची, मागे दिवा, त्यामुळे चेहरा अंधारात. वाटी घ्यायची, चमचाभर दही घालून परत द्यायची, आणि देताना वाटीची कड पदराने पुसायची. दर वेळी पुसायची. एकदा काकांनी दार उघडलं. स्वतः दही घातलं, काठोकाठ भरून, आणि विचारलं, “अभ्यास झाला का गं?”

मी आईला म्हटलं, “मला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “तुला कळलं असतं तर तू घाबरली असतीस आणि गेली नसतीस.” थोड्या वेळाने, लसणाची सालं गोळा करताना, “त्यापलीकडे मी काही केलं नाही.” काका-काकी पुढे इचलकरंजीला गेले. त्यानंतरचं आम्हा दोघींनाही माहीत नाही.

तर हो, ताई, एक उठते. बी. कॉम.वाली, आमच्यात लहान. दोरा निघाल्यावर, ‘ड’ गेल्यावर, ती जागा सोडून ऐकणाऱ्यांच्या मधून चालत खोलीच्या दाराशी जाते, कडी वाजवते आणि म्हणते, “काकी, आईने विरजण मागितलंय.” आधी हे षड्जावर म्हणवून पाहिलं. तोवर कुठेच न टेकलेला षड्ज तिथे आला, ऐकायला गोड लागलं, आणि खोटं लागलं. काढून टाकलं. ती बोलते, अकरा वर्षांची पोर बोलेल तसं, जरा कंटाळून. मागे तिघी भूपाचे पलटे म्हणत असतात, मोठ्यांदा. मारव्यातून एकदम भूप. नियमाला धरून नाही, पण त्या घरात ते असंच चालायचं.

दार उघडायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. तिघींची तीन मतं आहेत. प्रयोग दिवाळीनंतर आहे, त्यामुळे वेळ आहे.

वाटी खरीच घ्यायची ठरली. आईकडे ती अजून आहे, स्टीलची, वडिलांचं नाव घातलेली, तळाशी जरा चेपलेली. शनिवारच्या तालमीला घेऊन जाणार आहे.